उसनी वस्तू परत करताना इंग्रजीत काय बोलायचं?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुमचे शेजारी फक्त इंग्रजी बोलतात. भिंतीवर फळ्या बसवायच्या म्हणून तुम्ही त्यांच्याकडून ड्रिल मशीन आणि शिडी मागून आणलीत. आठवडाभरात देतो म्हणालात आणि तीन आठवडे गेले. ड्रिल द्यायला गेलात तेव्हा दारातच म्हणालात, "सर, धिस इज युवर ड्रिल मशीन. थँक्यू व्हेरी मच." त्यावर ते म्हणाले, "ओह, यू कुड हॅव केप्ट इट लाँगर." तुम्हाला काही सुचलं नाही, "ओके सर, थँक्यू" म्हणून तुम्ही मागे फिरलात. तेव्हापासून मनात घोळतंय की तो टोमणा होता का. शिडी अजून तुमच्याकडेच आहे आणि ती द्यायला जायचं तुम्ही टाळताय. कामावर दिवसभर इंग्रजीत ईमेल लिहिता, मग दारात उभं राहून चार वाक्यं का जमत नाहीत, हा तुमचा प्रश्न.

आधी मनातली ती सल काढून टाकू. टोमणा नव्हता. "यू कुड हॅव केप्ट इट" याचा अर्थ "आणखी ठेवलं असतंत तरी चाललं असतं, घाई नव्हती". गोंधळ होणं साहजिक आहे, कारण हीच रचना तक्रारीलाही वापरतात. "यू कुड हॅव टोल्ड मी" म्हणजे "मला सांगायचं तरी होतंस". फरक ओळखायची मी वर्गात सांगते ती खूण अशी: ती गोष्ट घडली असती तर फायदा कोणाचा झाला असता? ड्रिल आणखी ठेवण्यात फायदा तुमचा होता, म्हणून तो बोलणाऱ्याचा मोठेपणा. सांगितलं असतं तर फायदा बोलणाऱ्याचा होता, म्हणून ती तक्रार. तुम्ही उत्तर देऊ शकला असता, "ओह, दॅट्स काइंड ऑफ यू, बट आयम ऑल डन विथ इट." म्हणजे "तुम्ही म्हणालात हेच खूप, पण माझं काम झालंय." एवढ्यावर दोघंही हसून मोकळे झाले असते.

आता तुमच्या मूळ अडचणीकडे येते. मी गेली जवळजवळ वीस वर्षं मोठ्या माणसांना बोलायचं इंग्रजी शिकवते. ज्यांचं लिहिणं पक्कं आहे ते नेमके अशा छोट्या प्रसंगांत अडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. कारण वाक्यांचं नाही. ईमेल तुम्ही एकटे लिहिता, विचार करून पुरा करता आणि पाठवता. बोलणं दोघांचं असतं. तुम्ही तुमचं वाक्य ईमेलसारखं तयार करून नेलंत, ते पोचवलंत आणि तुमच्या लेखी काम संपलं. शेजाऱ्यांच्या लेखी तिथे बोलणं सुरू झालं होतं.

हार्वी सॅक्स आणि इमॅन्युएल शेग्लॉफ या अभ्यासकांनी साध्या बोलण्याची ध्वनिमुद्रणं तपासून एक गोष्ट दाखवून दिली. बोलणं जोड्यांनी चालतं. प्रश्नाला उत्तर, अभिवादनाला अभिवादन, देऊ केलेल्या गोष्टीला होकार किंवा नकार. पहिला भाग आला की दुसऱ्याची वाट पाहिली जाते आणि तो आला नाही तर ती उणीव लगेच जाणवते. या दोघांचा १९७३ सालचा एक लेख तर फक्त बोलणं संपतं कसं यावर आहे. माणसं बोलणं एकदम तोडत नाहीत. "आता माझ्याकडे आणखी काही नाही" अशी खूण एक जण करतो, दुसरा तशीच खूण देतो आणि मग निरोप होतो. तुमच्या दारातल्या भेटीत शेजाऱ्यांनी एका जोडीचा पहिला भाग टाकला होता. तुम्ही निरोपाकडे वळलात.

हे वर्गात कसं दिसतं ते सांगते, कारण डोळ्यांसमोर आलं की लवकर कळतं. मी दोघांना उभं करते, एकाच्या हातात छत्री देते आणि ती "परत" करायला सांगते. बहुतेक जण छत्री दोन्ही हातांनी पुढे धरतात, पाठ केलेलं वाक्य एका दमात म्हणतात, आणि समोरचा "नो प्रॉब्लेम"मधला "नो" म्हणत असतानाच त्यांचे पाय वळलेले असतात. तोंडातले शब्द अगदी बरोबर असतात. पण छत्री घेणाऱ्याचा हात अजून हवेत असतो, चेहरा जरासा पडतो. दुसऱ्या फेरीत मी एकच बदल करायला लावते: छत्री दिल्यावर दोन श्वास तिथेच थांबायचं. शब्द तेच, पण या वेळी समोरचा आपणहून काहीतरी बोलतो. पुढच्या सगळ्या सल्ल्यापैकी एवढंच घ्यायचं असेल तर हे घ्या.

थांबून बोलायचं काय, हा पुढचा प्रश्न. मी विद्यार्थ्यांकडून एकच गोष्ट मागते: वस्तूबद्दल एक खरं वाक्य. तिचं तुमच्याकडे काय झालं, कशाला उपयोगी पडली, ते. तुमच्या बाबतीत, "द शेल्व्ज आर फायनली अप." फळ्या लागल्या एकदाच्या. पाच शब्द. "थँक्यू व्हेरी मच" या वाक्यात समोरच्याला धरायला काही नसतं, त्यावर "यू आर वेलकम" म्हणून तो गप्प बसतो. फळ्यांचं वाक्य टाकलंत की तो विचारेल, "ओह ग्रेट, हाउ डिड दे टर्न आउट?" किंवा स्वतःच्या भिंतीबद्दल काही सांगेल. शिवाय त्याच्या वस्तूने काम केलं हे त्याला कळतं. ज्याने आपली वस्तू विश्वासाने दिली, त्याला हे ऐकायला आवडतं. माझ्या मते खरा आभार या वाक्यातच असतो.

वाक्य खरं मात्र असू द्या. पुस्तक वाचलंच नसेल तर "आय रिअली एंजॉइड इट" म्हणू नका, "कुठला भाग आवडला?" हा प्रश्न ठरलेला. "आय ओन्ली गॉट हाफवे, बट आय लाइक्ड व्हॉट आय रेड" हे पुरतं. चार्जरसारख्या वस्तूबद्दल काय बोलणार असं वाटेल, पण "माय फोन वॉज डाउन टु टू पर्सेंट" हेही खरंच वाक्य आहे. काहीच सुचलं नाही तर "इट केम इन रिअली हँडी" म्हणा, म्हणजे "फार कामाला आलं". "इट वॉज व्हेरी यूजफुल टु मी" चूक नाही, पण ते एखाद्या अहवालातून उचलल्यासारखं वाटतं.

किती बोलायचं हे परिस्थितीवर अवलंबून आहे आणि त्याचा एकच नियम मी देऊ शकत नाही. शेजारच्या टेबलावरून घेतलेलं पेन परत करताना "थँक्स" एवढंच म्हणायचं, त्यावर फळ्यांसारखं वाक्य जोडलंत तर विचित्र दिसेल. महिनाभर वापरलेली महागडी वस्तू असेल तर दोन मिनिटं बोलणं हेच योग्य. वस्तूची किंमत, ठेवल्याचा काळ आणि ओळख किती जुनी, या तिन्ही गोष्टी वाढतील तसं बोलणं वाढतं. समोरचा फोनवर असेल किंवा घाईत असेल तर "आयल जस्ट लीव्ह इट हिअर, थँक्स अगेन" म्हणून निघणं हीच सभ्यता.

आभार किती वेळा मानायचे हेही विचारलं जातं. इंग्रजीत सारखं थँक्यू म्हणावं लागतं असा आपला समज असतो. २०१८ साली आठ भाषांमधल्या रोजच्या बोलण्याचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घरात, मित्रांत कोणी लहानसं काम करून दिलं की शब्दांत आभार किती वेळा मानले जातात, हे त्यात मोजलं होतं. सगळ्या भाषा मिळून साधारण वीसातून एकदा. इंग्रजीत प्रमाण जास्त निघालं, तरी सातातून एकदाच्या आसपास. अर्थात ते "जरा ते इकडे दे" अशा कामांबद्दल होतं. उसनी वस्तू परत करताना आभार मानायचेच, पण देताना एकदा आणि निघताना "थँक्स अगेन" एवढे पुरे. चार चार वेळा म्हटलं की समोरच्याला अवघडल्यासारखं होतं, कारण प्रत्येक वेळी त्यालाही काहीतरी उत्तर द्यावं लागतं.

आता मराठीतून येणाऱ्या काही अडचणी. या मला जास्त महत्त्वाच्या वाटतात, कारण व्याकरणाच्या पुस्तकात त्या एका ठिकाणी सापडत नाहीत.

आपण सहज म्हणतो "हे घ्या तुमचं ड्रिल". तेच इंग्रजीत "टेक युवर ड्रिल" झालं की त्यात हुकूम येतो, "घे बाबा तुझं" असा सूर लागतो. वस्तू हातात देताना "हिअर यू गो" किंवा "हिअर्स युवर ड्रिल बॅक" म्हणा. तुमचं "धिस इज युवर ड्रिल मशीन" हे वाक्य ओळख करून देण्याचं झालं, जणू त्यांनी ते आधी पाहिलंच नव्हतं. आणि नुसतं "ड्रिल" म्हणा, तिथे "मशीन" कोणी जोडत नाही.

दुसरी अडचण "परत" या शब्दाची. आपल्याकडे "परत दिलं" आणि "परत सांग" यांत एकच शब्द चालतो. इंग्रजीत पहिल्याला "बॅक" आणि दुसऱ्याला "अगेन". नवशिके "आय गेव्ह इट अगेन" म्हणतात, त्याचा अर्थ "पुन्हा एकदा दिलं" असा होतो. बरं येणारे "रिटर्न बॅक" म्हणतात, तिथे "परत" दोनदा येतं, कारण "रिटर्न"मध्ये "बॅक" आहेच. बोलताना मी तर "रिटर्न" टाळायलाच सांगते. ते चूक नाही, पण ग्रंथालयाच्या खिडकीवर शोभणारं आहे. शेजाऱ्याच्या दारात "आयव्ह ब्रॉट युवर ड्रिल बॅक". इथे "ब्रॉट"मधला र स्पष्ट काढा. तो गिळला की "बॉट" होतं आणि तुम्ही त्यांचं ड्रिल विकत घेतलंत असं ऐकू जातं. "इट" वापरताना ते मधे घाला: "गिव्ह इट बॅक", "ब्रिंग इट बॅक". "गिव्ह बॅक इट" असं होत नाही.

तिसरी अडचण काळाची. मराठीत आपण आठवण करून देताना म्हणतो, "मी तुमचं ड्रिल नेलं होतं ना". त्या "होतं"मुळे तोंडात "आय हॅड टेकन युवर ड्रिल" येतं. इंग्रजीत "हॅड टेकन" ऐकलं की समोरचा थांबून राहतो, की त्यानंतर आणखी काय घडलं? साधा भूतकाळ पुरतो, किंवा त्याहून सहज, "धिस इज दॅट ड्रिल आय बॉरोड". आणि "टुक" शब्दही जपून वापरा. "आय टुक युवर ड्रिल" म्हणजे न विचारता उचललं असाही अर्थ निघतो. मागून नेलं असेल तर "बॉरोड"च.

"बॉरो" आणि "लेंड" यांची अदलाबदल तर जुनीच. आपल्याकडे "उसनं" एकच, घेतलं की दिलं ते क्रियापदावरून कळतं. इंग्रजीत दिशेप्रमाणे शब्दच बदलतो. "बॉरो" हा शब्द जुन्या इंग्रजीतल्या तारण या अर्थाच्या शब्दावरून आलाय, आणि तारण ठेवतो तो घेणारा, म्हणून "बॉरो" नेहमी घेणाऱ्याचं, असं मी लक्षात ठेवायला सांगते. देणारा "लेंड" करतो, त्याचा भूतकाळ "लेंट", "लेंडेड" नाही. उच्चारात "ए" नीट काढा, "लँड" झालं की जमीन. हे सगळं दारात उभं राहून आठवत नसेल तर एक वाक्य पाठ करून ठेवा: "थँक्स फॉर लेटिंग मी बॉरो इट." तुम्ही मागितलं, त्यांनी नेऊ दिलं, दोन्ही त्यात आलं. "थँक्स फॉर गिव्हिंग मी युवर ड्रिल" म्हणू नका, ते कायमचं दिल्यासारखं वाटतं.

"सर"बद्दलही बोलते. काही ठिकाणी, काही वयाच्या माणसांना ते आवडतं. पण शेजारी तुम्हाला नावाने हाक मारत असतील तर तुमचं "सर" मधे भिंत उभी करतं. ते तुम्हाला बरोबरीचे मानतात आणि तुम्ही स्वतःला खाली नेऊन उभं करता. नावाने हाक मारायला जीभ रेटत नसेल तर संबोधनच गाळा. "हाय" पुरतं.

उशिराबद्दल. मराठीतलं "सॉरी हं, उशीर झाला" इंग्रजीत "सॉरी फॉर लेट" होतं, ते चूक आहे. "सॉरी आयम लेट" बरोबर आहे, पण ते स्वतः उशिरा पोचल्याबद्दल. वस्तू जास्त दिवस ठेवल्याबद्दल "सॉरी आय केप्ट इट सो लाँग" किंवा "सॉरी आय हंग ऑन टु इट फॉर सो लाँग". आणखी एक सुरेख रचना आहे, "आयव्ह बीन मीनिंग टु गिव्ह धिस बॅक". "देईन देईन म्हणत होतो, राहूनच जात होतं" हा सगळा भाव तिच्यात येतो. ती एकदा तोंडात बसली की फोन करायचा राहिला, भेटायचं राहिलं, सगळीकडे चालते. कारणं मात्र सांगत बसू नका. पाहुणे आले, कामाचा ताण होता, तब्येत बिघडली, हे ऐकून घ्यायची जबाबदारी समोरच्यावर पडते आणि आपलं दुःख बाजूला ठेवून तोच तुमची समजूत घालतो. एक वाक्य दिलगिरीचं, मग लगेच आभार.

वस्तूला काही झालं असेल तर प्रकरण वेगळं, आणि इथे मी जरा जास्त थांबणार आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या दिवसांत मी एका ज्येष्ठ सहकारी बाईंकडून व्याकरणाचं पुस्तक नेलं होतं. त्या इंग्रजीभाषक. वाचता वाचता माझ्या हातून पेन्सिलीच्या खुणा झाल्या, खोडल्या तरी उमटून राहिल्या. परत देताना मी म्हणाले, "सम पेजेस गॉट मार्क्ड." त्यांनी पुस्तक उघडलं, पान पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "डिड यू मार्क देम?" मी हो म्हणाले. त्या रागावल्या नाहीत, पण त्या एका प्रश्नात मला जे कळलं ते मी अजून शिकवते.

मराठीत "माझ्याकडून खुणा झाल्या", "माझ्या हातून फुटलं" असं म्हणायची सोय आहे. चूक कबूलही होते आणि मुद्दाम केलं नाही हेही त्यातच येतं. फार सुंदर सोय आहे ती. इंग्रजीत ती नाही. तिथे "इट गॉट ब्रोकन" म्हटलं की "माझ्या हातून"मधलं "माझ्या" गळून पडतं आणि उरतं नुसतं "फुटलं". ऐकणाऱ्याला वाटतं की माणूस अंग काढून घेतोय. म्हणून इंग्रजीत कर्ता स्पष्ट ठेवायचा: "आय ड्रॉप्ड इट", "आय स्पिल्ड वॉटर ऑन इट". मुद्दाम नव्हतं हे सांगायचंच असेल तर "ॲक्सिडेंटली" घाला, पण "आय" काढू नका.

ही कबुली वस्तू हातात देण्याआधी द्यायची. समजा ड्रिलचं एक बिट तुमच्या हातून मोडलं असतं, तर पेटी त्यांच्या हातात ठेवण्यापूर्वी, "आय शुड टेल यू, आय स्नॅप्ड वन ऑफ द बिट्स. आय गॉट यू अ न्यू वन, सेम साइज." काय झालं आणि मी काय केलं, दोन वाक्यं. नवीन आणणं जमलं नसेल तर "शॅल आय पे फॉर इट?" असा प्रश्न टाकू नका. प्रश्नाला तो भिडेपोटी "नो, नो" म्हणणारच, आणि मनात काही राहिलं तर ते तसंच राहील. "आयड लाइक टु रिप्लेस इट" असं विधान करा. तरीही तो नको म्हणाला तर एकदाच, "आर यू शुअर? आयड फील बेटर इफ आय डिड." दुसऱ्यांदा नको म्हणाला की खरंच थांबा. तिसऱ्यांदा आग्रह केलात तर त्याच्या शब्दावर तुमचा विश्वास नाही असं होतं.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर: काही बिघडलं असेल तर ते आधी, मग वस्तू हातात, आभार, वस्तूबद्दलचं खरं वाक्य, आणि मग थांबून समोरच्याचं ऐकायचं.

समोरून काय येऊ शकतं, ते ओळखीचं असलं की धास्ती कमी होते. "नो प्रॉब्लेम", "नो वरीज", "एनी टाइम", "शुअर" ही सगळी "यू आर वेलकम"ची भावंडं. काही अमेरिकन माणसं तर आभारावर नुसतं "अ-हा" असं होकारार्थी हुंकारतात, ते उदासीन नसतात. ब्रिटिश माणूस ड्रिल घेताना "चीअर्स" म्हणाला तर तो तुमचे आभार मानतोय. "ओह, आय फर्गॉट यू हॅड इट" हे ऐकून ओशाळू नका, "माझ्या लक्षातही नव्हतं, म्हणजे मला अडलं नव्हतं" असा त्यात दिलासा असतो. त्यावर हसून "वेल, हिअर इट इज" म्हणायचं. तोच उलट "थँक यू" म्हणाला तर उत्तर "थँक यू"च, फक्त जोर "यू"वर द्यायचा. "थँक"वर जोर म्हणजे साधे आभार, "यू"वर जोर म्हणजे "आभार तर मी मानायचे". जे "मेन्शन नॉट" आपल्या कानांवर पडलेलं असतं, ते इतरत्र कोणाला कळत नाही. "डोंट मेन्शन इट" आहे, पण तेही आता जरा जुनं वाटतं.

"यू कॅन हँग ऑन टु इट इफ यू लाइक" असं आलं तर ते ठेवून घेण्याचं आमंत्रण आहे. खरंच हवं असेल तर "आर यू शुअर? दॅट वुड बी ग्रेट" म्हणा, नको असेल तर "थँक्स, बट आयम ऑल सेट". या दोन्हींत वाईट वाटण्यासारखं काही नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण शिडी अजून तुमच्याकडे आहे म्हणून सांगते. समोरचा कधी कधी वस्तू परत मागतो आणि ते आपल्याला कळतच नाही. "आर यू स्टिल यूझिंग द लॅडर?" हा चौकशीचा प्रश्न वाटतो, पण बहुतेक वेळा तो "मला हवी आहे" असाच असतो. "नो रश, बट व्हेनेव्हर यू आर डन विथ इट" यातलं "नो रश" ऐकून आपण निवांत होतो, पण वजन "बट"च्या पुढे आहे. घाई खरंच नसती तर विषय निघाला नसता. असं काही ऐकलं की वापर किती शिल्लक आहे हे सांगत बसू नका, "ओह, सॉरी! आयल ब्रिंग इट ओव्हर टुनाइट" म्हणा आणि त्याच दिवशी न्या.

न्यायच्या आधी एक छोटा निरोप पाठवा. शिडी घेऊन अचानक दारात उभं राहण्यापेक्षा बरं, आणि लिहिणं ही तुमची जमेची बाजू आहे. "हाय, आयव्ह स्टिल गॉट युवर लॅडर. ओके इफ आय ब्रिंग इट ओव्हर धिस इव्हनिंग?" बस्स. "काइंडली", "रिक्वेस्ट", "द सेम" हे शब्द तुमच्या ईमेलमध्ये रोज असतील, ते इथे नकोत. ड्रिलच्या वेळी काय झालं त्याचा उल्लेखही नको. तुम्ही तो प्रसंग इतके दिवस उगाळलात, त्यांच्या तो लक्षातही नसेल.

दार उघडलं की "हाय! आयव्ह ब्रॉट युवर लॅडर बॅक. सॉरी आय हंग ऑन टु इट सो लाँग." ते "नो वरीज" किंवा तसंच काही म्हणतील. ते पुरं म्हणू द्या. मग "थँक्स फॉर लेटिंग मी बॉरो इट. द शेल्व्ज आर फायनली अप." आणि थांबा. कशा झाल्या विचारलं तर जे असेल ते सांगा. एखादी फळी जरा तिरकी बसली असेल तर "वन इज अ बिट क्रुकेड, बट दे आर होल्डिंग" म्हणा, त्यावर बोलणं आपोआप पुढे जाईल. बोलणं ओसरलं की शिडी खांद्यावरच आहे, तिचाच आधार घ्या: "व्हेअर वुड यू लाइक इट?" ते जागा दाखवतील, तिथे नेऊन ती नीट टेकवा, भिंतीला ओरखडा जाणार नाही अशी. मग "थँक्स अगेन, सी यू अराउंड" म्हणा, आणि त्यांचं "सी यू" ऐकूनच पाठ फिरवा.